अभंग लावल्यावर वांगी धरली! झाडाला खरंच ऐकू येतं का?

परसातलो_पोर:
नमस्कार मंडळी. आम्ही वाळपईजवळ राहतो. घरामागे ग्रो बॅगमध्ये बारा वांग्याची झाडं आहेत, दसऱ्यानंतर लावलेली. खेत्यांचा (माकडांचा) त्रास म्हणून बाबांनी सगळीकडून बारीक जाळी मारली, झाडं झक्कास वाढली पण फूल यायचं आणि देठासकट गळायचं, महिनाभर एक वांगं नाही. मग फोंड्याहून काका आले, ते म्हणाले झाडांना अभंग ऐकवा. चार बॅगा उचलून पुढे तुळशीजवळ आणल्या (स्पीकरची वायर तेवढीच पोचते) आणि रोज सकाळी दोन तास अभंग. आता त्या चारांवर मिळून अकरा वांगी, मागे शून्य, आणि काका छाती काढून फिरतायत. मी बारावी सायन्सला आहे, पटत तर नाही पण वांगी समोर दिसतायत. कान नाहीत तर आवाज आत पोचतो कसा, पेशीत नक्की होतं काय?

कुळागरकार:
आमच्या बाजूला डिसेंबरभर पहाटेपर्यंत पार्टीचा धडधडाट असतो, त्या हिशोबाने माझ्या माडांना एव्हाना भोपळ्याएवढे नारळ लागायला हवे होते. हाहा. काकांना नमस्कार सांग.

पानाफुलांची_मास्तरीण:
हसू नका, प्रश्न चांगला आहे. झाडाला "ऐकू" येत नाही पण थरथर कळते. आवाज म्हणजे शेवटी हवेचा दाब कमीजास्त होणं, त्याने पान अगदी सूक्ष्म हलतं, पेशीची भिंत आणि आतलं पटल ताणलं जातं. त्या पटलात प्रथिनांची दारं असतात, ताण पडला की उघडणारी (एमएसएल, एमसीए, ओस्का अशी त्यांची घराणी आहेत). दार उघडलं की बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं, कारण पेशीरसात ते एरवी जवळजवळ नसतंच, बाहेर हजारो पट जास्त. आत कॅल्मोड्युलिन नावाचं प्रथिन ते पकडतं, पुढे किनेज (निरोप पुढे ढकलणारी प्रथिनं) वगैरेंची साखळी चालू होते आणि शेवटी केंद्रकातले काही जीन चालू-बंद होतात.

यातली एक गंमत मी वर्गात नेहमी सांगते. १९९० मध्ये स्टॅनफर्डला जॅनेट ब्राम आणि रोनाल्ड डेव्हिस अरॅबिडॉप्सिसवर (मोहरीच्या कुळातलं बारकं रोप) हार्मोन फवारून कुठले जीन जागे होतात बघत होते, तर तुलनेसाठी नुसतं पाणी फवारलेल्या रोपांतही तेच जीन अर्ध्या तासाच्या आत जागे! म्हणजे औषधाचा काही संबंध नाही, फवाऱ्याचा स्पर्शच पुरला. आणि त्यातला एक जीन निघाला कॅल्मोड्युलिनचाच.

बरं, झाड सगळ्या थरथरीला सारखं उत्तर देत नाही. २०१४ मध्ये मिसुरी विद्यापीठात ॲपल आणि कोक्रॉफ्ट यांनी अळी पान खाते तेव्हाची थरथर लेझरने टिपली आणि तीच दुसऱ्या रोपांच्या पानांना दिली. पुढे खरी अळी सोडली तर त्या रोपांनी मोहरीचा झणका देणारी रसायनं जास्त केली. वाऱ्याची किंवा तुडतुड्याच्या गाण्याची थरथर दिली तर ढिम्म. तेल अवीवला २०१९ मध्ये इव्हनिंग प्रिमरोज नावाच्या झाडाच्या फुलाला मधमाशीचा आवाज ऐकवला, ३ मिनिटांत मकरंदातली साखर सुमारे २० टक्क्यांनी वाढली, फुलावर काच झाकली की काही नाही. म्हणजे झाडाला मतलब अळीशी नि माशीशी, अभंग असो की पार्टी.

आता तुझी वांगी. जाळीतून माश्या आत जातात का रे?

परसातलो_पोर:
नाही हो मॅडम, मुंगी कशीबशी जाते.

पानाफुलांची_मास्तरीण:
मग झालं! वांग्याच्या परागकोशाला वर फक्त बारीक भोक असतं, मिठाच्या डबीसारखं, हलवल्याशिवाय पराग नीट पडत नाही. भुंगे आणि निळ्या पट्ट्यांच्या माश्या फुलाला मिठी मारून अंग थरथरवतात, तेव्हा पराग भसकन बाहेर येतो. तू झाडं स्पीकरजवळ नाही, भुंग्यांजवळ नेलीस. खात्री करायचीय तर दोन बॅगा पुढे ठेव, स्पीकर बंद, आणि दोन जाळीत ठेवून अभंग लाव.

बाय_आगशीची:
जाळी काढायची नसेल तर बॅटरीचा टूथब्रश फुलाच्या देठाला दोन सेकंद टेकव, सकाळी. मी गच्चीवर तेच करते. पण शेणखत फार झालं किंवा ऊन तापलं तरी फूल गळतं हां, सगळंच भुंग्यावर ढकलू नको.

परसातलो_पोर:
तीन आठवड्यांनी लिहितोय, सॉरी, प्रिलिम होती. पुढच्या दोन स्पीकर नसलेल्या बॅगांना सहा वांगी. सकाळी बसून बघितलं, काळा भुंगा फुलाला लटकतो, पंख थांबलेले तरी एकदम घुंऽऽ असा बारीक आवाज, आणि पोटावर पिवळी पूड. जाळीतल्या अभंगवाल्या दोघांपैकी एकाला मात्र एक वांगं धरलंय, बहुतेक वाऱ्याने. पण काकांनी त्याचा फोटो अख्ख्या फॅमिली ग्रुपवर टाकलाय.