थ्री बॉडी प्रॉब्लेम, पहिला भाग: कलम लागलं की वठलं?

जांभा · गुरुवार, २१ मार्च २०२४, रात्री ९.४०

आज दुपारी साडेबाराला नेटफ्लिक्सवर आठच्या आठ भाग एकदम आले. मी एकच पाहिलाय. शिमग्याला गावी आलोय, रेंज फक्त माडीवरच्या खिडकीत येते, म्हणून फोन गजाला टेकवून बघितला.

ज्यांना काहीच कल्पना नाही त्यांच्यासाठी: लिउ त्सिशिन या चिनी लेखकाची कादंबरी, पुस्तकरूपात २००८ ची. इंग्रजी भाषांतर २०१४ ला आलं आणि पुढच्या वर्षी ह्यूगो पारितोषिक मिळालं. चीनमधल्या माओच्या सांस्कृतिक क्रांतीत डोळ्यांदेखत बाप गमावलेली ये वेन्जिए ही मुलगी पुढे 'लाल किनारा' नावाच्या लष्करी रेडिओ तळावर जाऊन पोचते. इकडे आजच्या काळात एकामागून एक शास्त्रज्ञ जीव देताहेत. मधला धागा काय, ती गोष्ट.

सुरुवात १९६६ च्या बीजिंगमध्ये, त्सिंगहुआ विद्यापीठात. भरल्या मैदानात स्टेजवर उभ्या केलेल्या प्राध्यापकाला सापेक्षतावाद शिकवला म्हणून पोरंपोरी मारताहेत. सगळं चिनी भाषेत. आई शेजारी पोळ्यांसाठी डाळ निवडत होती, तिला चिनी येत नाही आणि खालचं इंग्रजीही वाचता येत नाही. तरी मान वर करून म्हणाली, "ती बायकोच ना रे त्याची? तीच त्याच्याविरुद्ध बोलत्ये?" सूप तसंच मांडीवर राहिलं. इतकं जमलंय ते.

आणि मग धाडकन लंडन. पुस्तकाचा नायक, शास्त्रज्ञ वांग म्याओ, गायब. त्याचं काम ऑक्सफर्डच्या जुन्या दोस्तांत वाटून टाकलंय. नॅनोतंतूवाली ऑगी, गेम खेळणारी जिन, शास्त्र सोडून वेफर्स विकून पैसेवाला झालेला जॅक. तिन्ही पुस्तकांतली माणसं उचलून एका कॉलेजच्या कट्ट्यावर आणून बसवली. ज्या मातीतून हे उगवलं ती माती मुळांवरून झाडून टाकली असं वाटलं. तुम्हाला?

पायरी · रात्री १०.०५

बसलायत कोकणात आणि परक्या मातीत लावलं म्हणून रडताय! हापूस कुठला हो? नाव आफोन्सो द आल्बुकर्कचं, कलमं बांधायची रीत पोर्तुगिजांची. २०१८ ला आपण त्यावर जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन पण घेतलं. आमची तीन पिढ्यांची बाग आहे, म्हणून सांगतो. कोय पुरून हापूस मिळत नाही. रायवळाचा खुंट घ्यायचा, त्यावर काडी बांधायची. कादंबरी हा खुंट. मालिका ही काडी. खुंटासारखंच फळ हवं असेल तर पुस्तक आहेच की कपाटात.

जांभा · रात्री १०.१८

तुमच्याच बागेत उभा राहून उत्तर देतो. खुंट रायवळाचा असला तरी फळ काडीचं येतं. माझं दुखणं नेमकं तेच आहे. मूळ चिनी, आंबा नेटफ्लिक्सचा.

पायरी · रात्री १०.२०

मग आंबा गोड आहे की आंबट ते बोला. जात कसली विचारताय.

भरतीओहोटी · रात्री १०.४५

अहो पालख्या नाचतायत बाहेर आणि तुम्ही माडीवर चढून परग्रहवासी बघताय. असो. मला एवढंच म्हणायचंय की मालिका बनवणारी बेनिऑफ आणि वाइस ही जोडगोळी आहे म्हटल्यावर माझा हात आखडता. २०१९ ला गेम ऑफ थ्रोन्सचा शेवट ज्यांनी सहन केलाय त्यांना पहिल्या भागावर भाळायची हिंमत होत नाही. हे लोक नारळ छान फोडतात. पुढे पाणी निघतं की खवट खोबरं, ते शेवटी कळतं.

सोलकढी · रात्री ११.१०

माका तुमच्या कलमातला काय कळणा नाय. पण आमच्याकडे दशावतार बघूक बसलेल्या म्हाताऱ्याक आख्यान आधीच म्हायत असता. दुर्योधन मरतलो ह्या काय गुपित नाय. संवाद कागदार लिवलेले नसतत, रंगमंचार उभ्या उभ्या बोलूचे लागतत. तोच दुर्योधन एका कंपनीचो रडवता, दुसऱ्या कंपनीचो झोपवता. पहाटे घराक जाताना कोण इचारता काय, मूळ म्हाभारतात असा होता काय म्हणान? गडी कसो उभो रवलो, तां बघूचा. तो पोलीस झालेलो बेनेडिक्ट वाँग बघा. सिगारेट हातात घेऊन गप उभो रवता तरी नजर हलणा नाय.

वाशिष्ठी · शुक्रवार, २२ मार्च, सकाळी ७.३०

सोलकढी, मुद्दा लाघवी आहे पण लागू होत नाही. दशावतारात म्हाताऱ्याला मूळ माहीत असतं, म्हणून तर त्याला बदलाची गंमत कळते. इथे बघणाऱ्यांतल्या बहुतेकांनी पुस्तक हातात धरलेलं नाही. त्यांच्यासाठी हेच मूळ होऊन बसणार. उद्या कोणी म्हणालं की ही गोष्ट पाच ऑक्सफर्डवाल्यांची आहे, तर त्याचं काय चुकलं?

मी मागच्या वर्षी याच पुस्तकावरची टेन्सेंटची चिनी मालिका पाहिली होती, जानेवारी २०२३ ची. तीस भाग. रटाळ आहे, मान्य. एक पात्र दार उघडून आत येईपर्यंत माझा कुकर तीन शिट्ट्या करायचा. पण त्यात वांग म्याओ हा वांग म्याओ आहे. जगाचा शेवट होणार म्हणून तो इंग्रजीत दचकत नाही.

पायरी · सकाळी ८.१५

वाशिष्ठीताई, ते तीस भाग मीही पाहिलेत. आता मला सांगा, जांभाच्या आईच्या मांडीवरचं सूप थांबवणारा तो स्टेजवरचा प्रसंग त्यात कुठे आहे?

नाही. १९६६ चा सगळा भाग तिथे पुसट करून टाकलाय. इतकंच कशाला, मूळ चिनी पुस्तकातसुद्धा हा प्रसंग सुरुवातीला नाही, मध्ये सरकवलेला आहे. इंग्रजी भाषांतर करताना केन लिउ यांनी तो लेखकाच्या संमतीने पुढे आणला, कारण लेखकाच्या मनातली मूळ सुरुवात तीच होती. म्हणजे ज्या मातीच्या नावाने तुम्ही दोघं गळा काढताय, त्या मातीत हे बी उघड्यावर पेरायची सोय नव्हती. ते उगवलं बाहेरच्या कुंडीत. आता बोला.

वाशिष्ठी · सकाळी ८.४०

हा मुद्दा मला माहीत होता आणि मी तो सोयीस्कर गाळला, कबूल. पण त्याने माझं म्हणणं खोटं पडत नाही, अर्धं होतं. त्या प्रसंगातल्या रागाचं पुढे काय होतं हे दाखवायला ये वेन्जिए हवी, आणि आजचा भाग तिला म्हातारी करून लंडनमध्ये नेऊन ठेवतो. तरुण ये वेन्जिए झालेली झीन त्सेंग पडद्यावर असते तोवर मी श्वास रोखून असते. ती गेली की पब आणि बिअर.

शेवटची_एसटी · सकाळी ९.००

एक साधा प्रश्न. आठ भाग एकदम का टाकतात हे लोक? पूर्वी आठवडाभर वाट बघायची, टपरीवर भांडायचं, मग पुढचा भाग. आता मी पहिल्यावर बोलतोय आणि आमच्या ऑफिसात एकजण रात्रभर जागून आठवा संपवून आलाय. माझ्याकडे दयेने बघतोय. डबा एकत्र खायचा कसा?

सोलकढी · सकाळी ९.१२

बा देवा म्हाराजा…
व्हय म्हाराजा!
ह्या धाग्यार जो कोण फुडल्या भागाचो शेवट फोडीत…
व्हय म्हाराजा!
आज रात्री आयपीएल सुरू होता, पयल्या ओव्हरीक त्येची लाइट जांवदे…
व्हय म्हाराजा!

प्रयोगवही · सकाळी ११.३०

ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. सकाळच्या तासाला दोघा पोरांनी विचारलं, "मॅडम, तारे खरंच असे मिचकावू शकतात?" म्हणून लिहितेय. पहिल्या भागाचा शेवट येतोय, ज्यांनी पाहिला नाही त्यांनी हा प्रतिसाद सोडा.

शेवटी अख्खं आकाश उघडझाप करतं. सगळे तारे एकाच वेळी. मी सोफ्यावरून ओरडले, "शक्यच नाही!" व्याधाचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला साधारण ८.६ वर्षं लागतात, दुसऱ्या कुठल्या ताऱ्याचा शेकडो वर्षांपूर्वी निघालेला असतो. ते सगळे एका क्षणी विझलेले दिसायचे तर कोणी व्याधाला आठ वर्षं आधी आणि बाकीच्यांना शेकडो वर्षं आधी कळवून ठेवलं पाहिजे.

पुस्तकात हे असं नाही. तिथे तारे नाही, विश्वाची पार्श्वभूमी प्रारणं लुकलुकतात. महास्फोटानंतर सगळीकडे उरलेली, पेन्झियास आणि विल्सन यांना १९६४ मध्ये सापडलेली ती २.७ केल्व्हिनची मंद ऊब. ती डोळ्यांना दिसत नाही, खास चष्मा लावून एकटा वांग म्याओ बघतो. शास्त्राच्या दृष्टीने देखणी कल्पना.

तासभर चिडले आणि मग पोरांना समजावता समजावता माझंच मत फिरलं. चष्मा लावलेला एक माणूस काळ्या आकाशाकडे बघतोय, हे पडद्यावर दाखवून कोणाच्या अंगावर काटा येणार? आणि सगळे तारे एकदम विझणं अशक्य आहे, हाच तर पुरावा आहे! वर्गात फळ्यावर काढून दाखवलं. बिघाड ताऱ्यांकडे असूच शकत नाही, जे काही आहे ते आपल्या आणि ताऱ्यांच्या मध्ये, आपल्या अगदी जवळ आहे. पोरं दोन मिनिटं गप्प झाली. मार्चमध्ये, बोर्डाच्या दिवसांत, हे मला कुठल्याही धड्याने मिळवून दिलेलं नाही.

तेव्हा पुस्तकनिष्ठ मंडळींनो, या एका बदलावर मी तुमच्या विरोधात. पाच दोस्तांच्या कट्ट्यावर मात्र तुमच्याच बाजूने. जगात आठशे कोटी माणसं आणि डोळ्यांसमोरची ती उलटी गणती सुरू होते ती बरोब्बर एकाच बॅचच्या पोरीच्या डोळ्यांत?

भरतीओहोटी · दुपारी १२.१०

मॅडम, तुमचा तास आवडला, मालिका नाही. तुम्ही फळ्यावर केलंत ते त्यांनी पडद्यावर करायला हवं होतं ना? तिथे नुसती भीती दाखवली. विचार तुम्ही घातलात.

प्रयोगवही · दुपारी १२.२५

भीती वाटली म्हणून पोरांनी विचारलं. प्रश्न आधी, फळा मग.

शेवटची_एसटी · दुपारी १.४०

थोडं विषयांतर. आपल्याकडे असं का होत नाही? नाशिकच्या २०२१ च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष नारळीकर होते, विज्ञानकथा लिहिणारा खगोलशास्त्रज्ञ. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस रेडिओ दुर्बिणी उभ्या आहेत. 'लाल किनाऱ्या'ला साजेसा लाल जांभ्याचा किनारा आपल्याकडे. वर कातळशिल्पं. कशेळीच्या सड्यावरचा तो भलाथोरला हत्ती, देवाचे गोठण्यात तर चित्रापाशी होकायंत्र भरकटतं. ती कोणी, कोणासाठी, आकाशातून बघणाऱ्यांसाठी…

वाशिष्ठी · दुपारी १.५२

थांबा. पुढचं वाक्य लिहू नका. ती माणसांनी काढलीत, आपल्याच सड्यावर राहणाऱ्या, हातात दगडी हत्यार धरलेल्या माणसांनी. जांभ्यात लोह असतं, कातळाच्या चुंबकत्वाने सुई हलते. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत गेली ती माणसाचं काम म्हणून. आपल्या पूर्वजांना हत्तीसुद्धा काढता येत नव्हता असं म्हणायचंय का तुम्हाला?

शेवटची_एसटी · दुपारी २.००

बरं बाई. मालिकेपुरतं म्हणत होतो.

वाशिष्ठी · दुपारी २.०३

मालिकेतच काढा ना मग. पण ज्याने काढली त्या माणसाची काढा. ती मी पहिल्या दिवशी बघेन, आठही भाग, जागून.

प्रयोगवही · संध्याकाळी ६.३०

जाता जाता एक गंमत. यात फार काही फुटत नाही, पुस्तकाच्या नावातच आहे. परग्रहवासी जिथून येणार ते तीन सूर्यांचं जग म्हणजे आपल्याला सगळ्यांत जवळची तारकासंस्था, अल्फा सेंटॉरी, सुमारे ४.४ प्रकाशवर्षं. प्रत्यक्षात तिथे पुस्तकासारखा गोंधळ नाही. दोन मोठे तारे साधारण ऐंशी वर्षांत एकमेकांभोवती फिरतात आणि तिसरा, प्रॉक्सिमा, बिचारा लांबून. तर या अल्फा सेंटॉरीला मराठीत काय म्हणतात माहितीये? मित्र. शत्रू येणार तो मित्रावरून!

रत्नागिरीच्या अक्षांशावरून दिसतो. सध्या पहाटे सव्वातीनच्या सुमाराला बरोबर दक्षिणेला, क्षितिजाच्या जेमतेम बारा अंश वर. हात लांब करून मूठ धरा, तिच्यापेक्षा जरा वर. उजवीकडे मित्रक आणि त्याच्याही पलीकडे त्रिशंकू.

पायरी · संध्याकाळी ६.४५

जांभा, तुमच्या सड्यावरून दक्षिण मोकळी आहे ना? बघा जाऊन. आणि कळवा, मिचकावतो का.

जांभा · शनिवार, २३ मार्च, पहाटे ४.१०

गेलो होतो. पालखी रात्री आमच्या वाडीत होती, सहाणेवरून घरी यायलाच दोन वाजले, मग झोपण्यात अर्थ नव्हता. दार उघडताना आई जागी झाली. कुठे निघालास? म्हटलं, मित्राला बघायला. "एवढ्या रात्रीचा कुठला मित्र?"

चंद्र पश्चिमेला समुद्रावर उतरत आलेला, तरी उजेड बराच होता. कातळ पायाला गार लागत होता. त्रिशंकू आधी सापडलं, मग डावीकडे सरकत मित्रक, आणि कडेला माडाच्या झावळीला टेकलेला मित्र. क्षितिजालगत म्हणून थरथरत होता, पिवळट. बाकीचे आपापल्या जागी. एकही विझला नाही, पायरी.

पायरींचा १९६६ चा मुद्दा मला दिवसभर चावतोय. पटला असं म्हणत नाही अजून. वांग म्याओला घालवल्याचा राग आहेच. पण काल दुपारी आईने आपणहून विचारलं, "त्या पोरीचं पुढे काय झालं रे, बाप मेलेल्या?" वेफर्सवाल्याबद्दल तिने काही विचारलं नाही.

दुसरा भाग आज जेवणानंतर, दोघं मिळून. डाटा उरला तर.