मदत हवी आहे: आईच्या वरच्या पापण्यांचं ऑपरेशन, पण डोळे आधीच कोरडे

आईचं वय ६४, आम्ही पुण्यात. वरच्या पापण्यांची कातडी इतकी सैल झालीय की पापण्यांच्या केसांवर टेकते. पेपर वाचताना ती भुवया वर ताणून धरते आणि संध्याकाळी कपाळ दुखतं म्हणते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी व्हिज्युअल फील्डची (नजर समोर ठेवून वर-खाली, बाजूला किती दिसतं त्याची) तपासणी दोन्ही प्रकारे केली: पापणी आहे तशी ठेवून, मग चिकटपट्टीने उचलून. पट्टी लावल्यावर वरच्या बाजूचं बरंच जास्त दिसतं. पापणी उचलणारा स्नायू ठीक आहे, टोसिस (म्हणजे पापणीच खाली उतरणं) नाही, जादा कातडी तेवढी काढायची. भूल जागेपुरती, टाके आठवड्याभरात निघतात, सूज आणि काळंनिळं साधारण दोन आठवडे. एवढं कळलंय.

काळजी कोरडेपणाची आहे. रोज ड्रॉप्स लागतात. कातडी जास्त निघाली तर झोपेत डोळा पूर्ण मिटत नाही, हे डॉक्टरांनीच सांगितलं. शुगर आटोक्यात आहे; रक्त पातळ ठेवणारं ॲस्पिरिन चालू आहे, ते ऑपरेशनआधी थांबवायचं का हे फिजिशियन ठरवतील.

त्यात एका स्किन क्लिनिकने कपाळाला बोटॉक्स (स्नायू सैल करणारं इंजेक्शन) सुचवलंय. मला ते पटत नाही. त्याचा परिणाम तीन-चार महिनेच टिकतो, आणि भुवया खाली आल्या तर आत्ता जेवढं दिसतं तेही कमी होईल.

कृपया क्लिनिकची नावं नकोत, अनुभव हवेत. डोळे कोरडे असताना ज्यांच्या घरी हे ऑपरेशन झालंय त्यांनी सांगा: नंतर कोरडेपणा किती वाढला, किती दिवस राहिला आणि रात्री डोळे नीट मिटतात का? आणि मेडिक्लेमने ‘कॉस्मेटिक’ म्हणून नाकारलं, की फील्डचा रिपोर्ट चालला?