सोसायटी ग्रुप : बागेचा बोर्ड

चेअरमन पाटील : कोपऱ्यातल्या बागेच्या बोर्डाचं प्रूफ आलंय, फोटो टाकलाय. फुले, शाहू महाराज, बाबासाहेब. चुका असतील तर रात्री नऊपर्यंत सांगा, उद्या छापायला जातंय.

सागर, ए-101 : काका, आरक्षणाची तारीख चुकलीय. 26 जून 1874 हा महाराजांचा जन्म. निम्म्या जागा राखीव ठेवायचा हुकूम 26 जुलै 1902 चा. शाहूंच्या गावात ही चूक, लोक हसतील की.

चेअरमन पाटील : बरं झालं बघितलंस.

देसाई सर, बी-302 : चौथं नाव घाला. गंगाराम कांबळे.

अमोल, सी-2 : कोण हे? नगरसेवक होते काय?

देसाई सर, बी-302 : नव्हे रे! महाराजांच्या पागेत नोकरीला होते. हौदाच्या पाण्याला शिवले म्हणून तिथल्याच लोकांनी त्यांना बेदम मारलं. महाराज परगावी होते, आल्यावर मारणाऱ्यांना शिक्षा केली. पुढं गंगारामांनी भाऊसिंगजी रोडला चहाचं हॉटेल काढलं, 'सत्यसुधारक'. गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराज स्वतः तिथं गाडी थांबवून चहा प्यायचे, बरोबरच्या मंडळींनाही पाजायचे. नको म्हणायची कुणाची टाप!

अमोल, सी-2 : नाद खुळा. रोज जातोय त्या रोडनं, माहीतच नव्हतं.

सुनीता वहिनी, ए-203 : माणगावची परिषद पण घ्या, मार्च 1920. महाराज आणि बाबासाहेब एकाच व्यासपीठावर होते. माझं माहेर तिथलं, म्हणून सांगतेय असं नाही हं.

चेअरमन पाटील : वहिनी, बोर्ड दोन बाय तीनचा. अक्षरं मुंगीएवढी होतील.

पूजा, सी-5 : बोर्डाचं ठीक आहे. पण बागेतल्या माठावर स्टीलचा ग्लास आपल्याला आणि कठड्यावरचा प्लास्टिकचा मग कामवाल्या मावश्यांना, असं का? तो मग तडकलाय. काल आमच्या मावशी ओंजळीनं पाणी प्याल्या.

कुलकर्णी काकू, बी-204 : अगं, ते स्वच्छतेसाठी. जातीचं काही नाही त्यात.

पूजा, सी-5 : मग सगळ्यांनीच ग्लास विसळून ठेवूया ना, काकू.

चेअरमन पाटील : हा विषय मीटिंगला घेऊ. आत्ता बोर्डापुरतं बोला.

देसाई सर, बी-302 : बोर्डाचंच चाललंय, पाटील. हौदाचं.

सागर, ए-101 : येताना महाद्वार रोडवरनं सहा ग्लास घेऊन येतो. वर्गणी नको. तो मग तेवढा कोणीतरी कचऱ्यात टाका.

चेअरमन पाटील : बरं. चौथं नाव अक्षर बारीक करून बसवतो. आणि 26 जुलै ना? जूनचं जुलै करतो.