प्लीहा ‘नसली तरी चालते’ याबद्दल

प्लीहेत (पोटात डावीकडे असलेल्या, जंतूंशी लढायला मदत करणाऱ्या अवयवात) पाण्याची गाठ झाली की “गाठ आहे ना, मग प्लीहाच काढा, तिच्यावाचून काही अडत नाही” असं काहीजण म्हणतात; ते मत पटलं नाही. अडत नाही, पण किंमत मोजावी लागते. १९५२ साली किंग आणि शूमाकर या अमेरिकी सर्जननी प्लीहा काढलेल्या ५ तान्ह्या बाळांना झालेल्या गंभीर जंतुसंसर्गाची नोंद केली, तिथून प्लीहा वाचवण्याचा विचार सुरू झाला. पाव भाग जरी उरला तरी बरंच काम भागतं म्हणतात.

माझ्या भाचीची गाठ वरच्या टोकाला होती. दुर्बिणीतून फक्त त्या टोकाची रक्तवाहिनी बांधली, तेवढाच भाग काळवंडला आणि तेवढाच कापला. नुसतं गाठीचं छप्पर काढणं सोपं, पण अस्तर मागे राहिलं तर पुन्हा पाणी भरू शकतं. आधी गाठ हायडॅटिडची (एका फीतकृमीच्या अळीमुळे होणारी) तर नाही ना, ही तपासणी मात्र हवीच; तिचं पाणी पोटात सांडलं तर जिवावर बेतू शकतं.

आणि आणखी एक गोष्ट: प्लीहा वाचवायचीच ठरली होती, तरी न्यूमोकोकस (न्यूमोनिया करणारा एक जंतू) वगैरेच्या लसी २ आठवडे आधी दिल्या. रक्तस्राव आवरला नाही तर ऐनवेळी अख्खी काढावी लागते, म्हणून.