मदत हवी आहे : फिटनेस बँडने दाखवलेल्या कॅलरी आहाराच्या हिशेबात धराव्यात का?

नमस्कार.

गेले चार महिने मी मनगटावर फिटनेस बँड वापरत आहे आणि व्यायामात खर्च झालेल्या कॅलरींचा त्यावर दिसणारा आकडा कितपत खरा मानावा, हे मला कळेनासे झाले आहे. माझे वय ४६ वर्षे, उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ७२ किलो आहे. आठवड्यातून पाच दिवस मी ट्रेडमिलवर ताशी ५.६ किलोमीटर वेगाने, चढ न देता, ४५ मिनिटे चालते. एवढ्या चालण्याचे बँड सुमारे ३९० कॅलरी दाखवतो, तर ट्रेडमिलवर त्याच वेळी २६० च्या आसपास आकडा असतो. शेवटी मी स्वतःच हिशेब केला. या वेगाच्या चालण्याला ४.३ मेट (विश्रांतीच्या किती पट ऊर्जा लागते, ते सांगणारे एकक) धरतात आणि १ मेट म्हणजे दर किलो वजनामागे ताशी साधारण १ कॅलरी (कॅलरी म्हणजे येथे अर्थातच किलोकॅलरी), म्हणून ७२ गुणिले ४.३ गुणिले पाऊण तास, असे करून उत्तर २३२ आले. एकाच चालण्याचे तीन आकडे झाले.

हा केवळ कुतूहलाचा विषय असता तर मी विचारले नसते. परंतु बँडच्या भरवशावर मी व्यायामाच्या दिवशी तेवढे जास्त खात आले आणि काटेकोर नोंदी ठेवूनही चार महिन्यांत वजन जागचे हललेले नाही.

आणखी एक विचित्र गोष्ट आढळली. एकदा चालताना बँडवर नाडी ११८ दिसत होती, म्हणून मी थांबले आणि लगेच मानेवर बोटे ठेवून मोजले, तर ३० सेकंदांत ५१ ठोके भरले, म्हणजे मिनिटाला १०२. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१७ मधील अभ्यासात तर मनगटावरच्या सातपैकी सहा उपकरणांची नाडीमोजणी ५ टक्क्यांच्या आत अचूक ठरली होती, मात्र कॅलरींच्या बाबतीत सर्वांत चांगले उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी चुकले होते. माझ्या बँडची तर नाडीच चुकते आहे.

बँडच्या आकड्यातून ठरावीक टक्के वजा करून तो वापरता येईल का, हा माझा मुख्य प्रश्न आहे. तसे करता येत नसेल, तर निदान कालच्यापेक्षा आज जास्त श्रम झाले की कमी, एवढे तरी त्यावरून खात्रीने सांगता येते का?

प्रतिसाद १

बँड कॅलरी मोजत नाही, तो त्यांचा अंदाज बांधतो. व्यायामातील ऊर्जाखर्च खरोखर मोजायचा तर तोंडावर मुखवटा लावून शरीराने किती प्राणवायू वापरला आणि किती कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला, हे पाहावे लागते. एक लिटर प्राणवायूमागे सुमारे ५ कॅलरी खर्च होतात. मनगटावरच्या यंत्राजवळ त्वचेखालचा रक्तप्रवाह टिपणारा हिरवा प्रकाश, हाताची हालचाल ओळखणारा संवेदक आणि आपण भरलेले वय, वजन, उंची व लिंग, एवढीच सामग्री असते. यावरून प्राणवायूचा अंदाज करणारे सूत्र पुष्कळ लोकांच्या सरासरीवर बेतलेले असते. एकाच नाडीला दोन माणसे सारखाच प्राणवायू वापरत नाहीत; इतकेच नव्हे, तर उकाडा, अपुरी झोप किंवा मनावरचा ताण यांमुळे एकाच माणसाची नाडी श्रम न वाढताही वाढते. म्हणून ठरावीक टक्के वजा करण्याचा उपाय टिकत नाही, कारण चूक रोज आणि प्रत्येक व्यायामप्रकारात सारखी नसते.

आपल्या ११८ बद्दल मला एक शंका आहे. आपण मिनिटाला किती पावले टाकता, ते कृपया मोजून पाहावे. बँड सैल असला की प्रत्येक पावलाबरोबर तो त्वचेवर हलतो आणि यंत्र ती लय नाडी समजून बसते.

शिवाय तो आकडा एकूण कॅलरींचा आहे की केवळ व्यायामाच्या, हे तपासावे. आपले वय, उंची आणि वजन मिफ्लिन-सेंट जिओर सूत्रात घातल्यास विश्रांतीचा खर्च दिवसाला १,३२९ कॅलरी येतो, म्हणजे ४५ मिनिटांना सुमारे ४२. त्या आपण नुसत्या बसून राहिला असता तरी खर्च झाल्याच असत्या, आणि दिवसभराच्या हिशेबात त्या आधीच धरलेल्या असतील तर त्यांची दुहेरी मोजणी होते. (आपल्या २३२ मध्येही विश्रांतीचा खर्च धरलेला आहेच.)

प्रतिसाद २

ट्रेडमिललाही प्रमाण मानू नये. वजन भरले नसेल तर अनेक ट्रेडमिल स्वतःच एखादे वजन गृहीत धरतात, आणि कठडा धरून चालल्यास खरा खर्च कमी होतो, हे त्यांना कळत नाही. खर्च जाणण्याचा घरगुती मार्ग एकच आहे आणि तो संथ आहे : रोज सकाळी वजन करावे, आठवड्याची सरासरी काढावी आणि तीन-चार आठवडे खाण्याची प्रामाणिक नोंद ठेवावी. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. आपले वजन स्थिर आहे, त्याअर्थी आपण जेवढे खाता तेवढाच आपला खर्च आहे. बँड काहीही म्हणो.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही आभार. पावले मोजली : अर्ध्या मिनिटात ५९, म्हणजे मिनिटाला बरोबर ११८! बँड मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर सरकवून घट्ट बांधल्यावर नाडी १०४ दिसू लागली आणि हाताने मोजलेली १०२ भरली. त्याहून लाजिरवाणी गोष्ट अशी की ॲपमध्ये माझे वजन अजून ८१ किलो होते, कारण खाते मी तीन वर्षांपूर्वी उघडले होते. हे दोन्ही दुरुस्त केल्यावर त्याच चालण्याचा आकडा ३९० वरून ३०५ वर आला, आणि तो एकूण खर्चाचाच निघाला. माझ्या २३२ पेक्षा तो अजूनही बराच जास्त आहे. त्यामुळे व्यायामाच्या कॅलरी आहारात मिळवणे मी कालपासून बंद केले असून आता केवळ मिनिटे आणि नाडी लिहून ठेवते.

एक शंका मात्र उरली आहे. वजने उचलण्याच्या ४० मिनिटांत, सेटच्या मधली विश्रांती धरूनही, बँड जवळजवळ चालण्याइतक्याच कॅलरी दाखवतो.

प्रतिसाद १

तेथे त्याच्याकडे मुळीच पाहू नये. जड वजन उचलताना आकसलेल्या स्नायूंमुळे रक्तदाब आणि नाडी चढते, पण प्राणवायूचा वापर त्या प्रमाणात वाढत नाही. सूत्र मात्र नाडी पाहून चालण्याचाच हिशेब लावते. उलट, मूठ घट्ट आवळल्याने प्रकाशाचा संकेत बिघडून कधी नाडी फारच कमीही दिसते. तेव्हा वहीत किती किलो आणि किती वेळा, एवढेच लिहावे.