हार्ड डिस्क पालीसारखी चुकचुकतेय, आत १५ वर्षांच्या लग्नपत्रिका आहेत

बार्शीची_डीटीपीवाली:
नमस्कार मंडळी. बार्शीत माझं छोटं डीटीपीचं दुकान आहे. मशीन २०१० सालचं. कोअर टू ड्युओ, जी३१चा मदरबोर्ड, २ जीबी रॅम, ३२० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज ७. हसू नका, त्यावरच पानं मांडायचं पेजमेकर ७ आणि मराठी टायपिंगचं श्रीलिपी डोंगलसकट (यूएसबीला लावायची परवान्याची किल्ली) चालतंय आणि घरही त्यावरच चालतंय.

सोमवारी सकाळी उदबत्ती लावून बटण दाबलं तर काळ्या पडद्यावर 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस'. डब्याला कान लावला. आतून टक्, टक्, टक्, मग जरा गप्प, परत टक् टक्. आमच्या माळ्यावरची पाल अगदी अशीच चुकचुकते. बंद करून अर्ध्या तासाने लावलं तर सुरू झालं, पण डी ड्राइव्ह उघडेस्तोवर माझा चहा उकळून, गाळून, पिऊन झाला.

त्या डीमध्ये 'पत्रिका' नावाचा फोल्डर आहे, आत आडनावाप्रमाणे फोल्डर. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "थोरल्याची होती तशीच धाकटीची काढा, फक्त नावं बदला." किलबिलमध्ये मी ज्यांची नावं घातली होती ती पोरं आता स्वतःच्या पत्रिकेला येतात. तुळशीचं लग्न लागलं की मला मान वर करायला सवड नसते, आणि तुळशीचं लग्न तीन आठवड्यांवर आलंय.

बॅकअप २०१६पर्यंत डीव्हीडीवर घ्यायचे. नंतर आज घेऊ, उद्या घेऊ. बोलणी खायची तयारी ठेवूनच लिहितेय.

इथला एक दुरुस्तीवाला म्हणाला, ठेवून जा, फॉरमॅट मारून बघतो. मी मशीन उचललं आणि घरी आणलं. २४० जीबीची एसएसडी (आत फिरती चकती नसलेली, वेगवान नवी डिस्क) या जुन्या बोर्डाला चालेल का? आणि सगळं जसंच्या तसं त्यावर उतरेल का? श्रीलिपीची सीडी सापडत नाहीये.

पेचकस_पुणे:
ताई, फॉरमॅटला नाही म्हणालात तिथेच अर्धं काम झालं. आता मशीन बंदच ठेवा. चालू होतंय म्हणून 'चार फाइली तेवढ्या काढून घेऊ' करत बसू नका. विंडोज स्वतःहून चेकडिस्क, म्हणजे डिस्कची तपासणी-दुरुस्ती, सुरू करायला बघेल, तेही होऊ देऊ नका. ते मरत्या डिस्कवर लिहायला जातं.

एकदाच एवढं बघा. डिस्कला दुसऱ्या चांगल्या एसएमपीएसची (वीज पुरवणारा डबा) पॉवर वायर लावा. १५ वर्षांचा एसएमपीएस थकला की कमी व्होल्टेजनेही अशी टकटक होते. तरीही आवाज आला तर डिस्कच गेली समजा.

२४० नको. ३२०ची हुबेहूब नक्कल २४०मध्ये कशी मावणार? ४८०ची घ्या, अडीच इंची, साटावाली (तुमच्या जुन्या डिस्कसारखीच वायर लागणारी). दुकानदार च्युइंगमच्या पट्टीसारखी एम डॉट टू देईल, ती तुमच्या बोर्डात बसणार नाही. जी३१ला साटा २ आहे, त्यामुळे सेकंदाला ३०० एमबीच्या पुढे जाणार नाही. पण तुमची डिस्क तरुणपणीसुद्धा १००च्या आसपासच होती, तेव्हा फरक कळेलच.

नक्कल विंडोजमधून करू नका. सिस्टमरेस्क्यूचा (विंडोजशिवाय मशीन चालू करणारी लिनक्स) पेनड्राइव्ह करून त्यावरून मशीन चालू करा आणि त्यातलं डीडीरेस्क्यू हे बिघडलेल्या डिस्कची नक्कल करणारं साधन वापरा. ते आधी जे नीट वाचता येतं ते सगळं उचलतं आणि हट्टी जागांकडे शेवटी वळतं. कुठवर आलो त्याची नोंद एका मॅप फाइलमध्ये ठेवतं. ती फाइल दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवा, म्हणजे वीज गेली तरी तिथून पुढे सुरू करता येतं. आणि जुनी कुठली, नवी कुठली हे क्षमता बघून तीनदा खात्री करा. इथे उलटं झालं तर कोरी डिस्क जुनीवर उतरते. मी एकाचं असं झालेलं पाहिलंय, तो माणूस बोलायचाच थांबला.

विंडोज, श्रीलिपी सगळं तसंच येईल. डोंगल वेगळा असतो, त्याला डिस्क बदलल्याचं सहसा कळतही नाही.

कोल्हापुरी_छापखाना:
ताई, आमचाही हाच धंदा, म्हणून एक सांगतो. पूर्ण नक्कल झाली नाही आणि नुसत्या फाइली काढायची वेळ आली, तर सी ड्राइव्हमधल्या विंडोजचा फॉन्ट्स फोल्डर आधी उचला. श्रीलिपीचे जुने फॉन्ट युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची ठरलेली पद्धत) नाहीत. फॉन्ट नसला की 'चि. सौ. कां.'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा उकिरडा दिसतो. २०१८ साली मी पत्रिका वाचवल्या आणि फॉन्ट घालवले. पुढचा महिना फॉन्ट शोधण्यात गेला.

जुनं_ते_सोनं:
डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. माझ्या मेव्हण्याची चालली होती.

पेचकस_पुणे:
काका, नको हो. बाहेर काढली की आत दव धरतं आणि प्लॅटरची, म्हणजे माहिती साठवणाऱ्या चकतीची, वाट लागते. फ्रीजरमध्ये मटार ठेवा.

बार्शीची_डीटीपीवाली:
झालं एकदाचं! भाच्याला बसवलं. वायर बदलून टकटक तशीच होती. डबा उघडला तर पंख्यावर उदबत्तीच्या राखेची साय. मशीनवरच उदबत्ती लावते ना मी, आता जागा बदललीय.

रात्री नऊला डीडीरेस्क्यू लावलं. सुरुवातीला भराभर गेलं, मग पहाटेपर्यंत गोगलगाय. मध्ये दोनदा वीज गेली, मॅप फाइल होती म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला संपलं, सुमारे ४ एमबी वाचलं गेलं नाही. नवी डिस्क लावली तर मशीन म्हणे आज १ जानेवारी २००८. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल मेला होता, तोही बदलला. मग चेकडिस्क नव्या डिस्कवर चालू दिलं. विंडोज आलं, डोंगल ओळखला, पेजमेकर उघडलं. चहा अजून गाळायचा होता!

नेटची वायर काढून ठेवलीय, कारण विंडोज ७ला जानेवारी २०२०पासून अपडेट नाहीत. पत्रिका फोल्डर आणि फॉन्ट बाहेरच्या डिस्कवर घेतले, ती डिस्क घरी कपाटात.

गेलं ते एवढंच. २०१६नंतरची एक पत्रिका उघडत नाही, पेजमेकर अडखळून बंद पडतं. त्या घरचा धाकटा अजून लग्नाचा आहे. त्यांच्या आईंना फोन केला, देव्हाऱ्याखालच्या खणात छापील प्रत आहे म्हणाल्या. रविवारी जाऊन आणते आणि परत टाइप करते.