मंदसोरच्या तहानंतर खानदेशाच्या डोंगरपट्टीत इंग्रजांचा अंमल कुठवर होता?

तापीकाठ
६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहात होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख सोडला. पेशवाईही त्याच वर्षी बुडाली. त्यामुळे नकाशांत तेव्हापासून अख्खा खानदेश एकाच रंगात दिसतो. पण सातपुड्यातलं काठी, डांगचं जंगल, सातमाळ्याचे डोंगर इकडे खरोखर कोणाचं चालत होतं? एखाद्या गावापुरतं किंवा घाटापुरतं तपासायचं तर सुरुवात कुठून करावी?

मोडीवाचक
भाऊ, नकाशाना नाद सोड. तहाने मिळतो तो हक्क; अंमल वेगळा मिळवावा लागतो. थाळनेर तर तापीच्या काठावर, सपाटीला. तह होऊन दीड महिना उलटला तरी २७ फेब्रुवारीला किल्लेदार लढलाच. मालेगावच्या किल्ल्यातले अरब शिपाई जूनच्या मध्यापर्यंत हटले नाहीत.

गाव हातात घेतलं की चार गोष्टी शोधा. जमाबंदीचा वसूल कोण नेई? वाटेची राखण कोण करी? खून झाला तर कैदी कुठे पाठवत? आणि सरकार उलट कोणाला पैसे मोजत होतं? मला चौथा प्रश्न सगळ्यांत बोलका वाटतो. नाईकाला (भिल्ल टोळीच्या म्होरक्याला) नेमणूक म्हणजे ठरीव रक्कम, गिराशाला गिरास म्हणजे गावावरच्या जुन्या हक्काचे पैसे, घाटाच्या राखणीचा पगार असा खर्च जमाखर्चात दिसला की समजायचं, इथे सरकारचा हुकूम कोणाच्या तरी मध्यस्थीने चालतोय.

एक सावधगिरी: वसुलाचे वेगवेगळे वाटे असत; पेशवाईच्या अखेरीस एकाच गावाचा मोकासा एकाकडे, बाबती दुसऱ्याकडे, सरदेशमुखी तिसऱ्याकडे असू शकते. एक कागद सापडला म्हणून गाव त्या सरदाराचं ठरवू नका.

सातपुड्याची वाट
चौथ्या प्रश्नावर थोडा वाद घालतो. पैसे दिले म्हणजे अंमल नव्हता, असं सरसकट म्हणता येत नाही. धुळ्याला बसलेल्या कॅप्टन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने आधी सातमाळ्यातल्या टोळ्यांना सपाटीवरून जाणारं धान्य तोडलं, मगच शरण आलेल्या नाईकांना नेमणुका दिल्या. म्हणजे पैसा हेच अंमल बसवायचं हत्यार होतं. १८२५ ला औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल कोअर (भिल्लांची पलटण) उभी करायला घेतली, त्यामागेही तोच हिशोब: जो लुटतो त्यालाच पगारावर राखणीला लावायचं.

पण हत्यार उलटतंही. सेंधवा–शिरपूर रस्त्याची राखण करणारा खाज्या नाईक सरकारी पगारावरच होता. १८५७ मध्ये तोच उठला आणि ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीची लढाई झाली. म्हणून नेमणुकीचा एकच आकडा पाहून उपयोग नाही. ती कधी सुरू झाली, कधी बंद पडली, पुन्हा कधी चालू केली, असा सलग दहा-वीस वर्षांचा तक्ता करा. खंड दिसतो तिथे बहुधा काहीतरी बिनसलेलं असतं.

तापीकाठ
आणि मेहवास, म्हणजे काठीसारख्या छोट्या भिल्ल प्रमुखांचा मुलूख? तिथे तर जमाबंदीचे कागदच हाती लागत नाहीत.

सातपुड्याची वाट
कागद नाहीत हीच नोंद करा. तिथे कायद्याकडे वळावं लागतं. १८७४ च्या अनुसूचित जिल्ह्यांच्या कायद्यात मुंबई इलाख्याच्या यादीत काठी, नाल, सिंगपूर आणि नवलपूरचे पाडवी, गव्हाळीचे वळवी, चिखलीचे वसावा अशा सहा मेहवासी प्रमुखांची गावं वेगळी दाखवली आहेत. ताबा सांगून ५६ वर्षं झाली, तरी साधे कायदे तिथे आपसूक लागू नव्हते. रंग मात्र नकाशात तोच!

डांगी साग
डांगची गोष्ट आणखी मजेशीर. सरकारला साग हवा होता, म्हणून १८४२ ला जंगल भिल्ल राजांकडून भाडेपट्ट्याने घेतलं. स्वतःच्या मालकीचा माल कोणी भाड्याने घेतं का? आहव्याच्या डांग दरबारात गाढवी, आमाळा, वासुर्णा, दहेर, पिंपरी या पाच राजांच्या वारसांना आजही सालियाणा (वर्षासन) देतात. फक्त जंगलाचा पट्टा आणि न्यायनिवाडा यांची गल्लत नको. झाड तोडायचा हक्क घेतला म्हणून भांडणं मिटवायचा हक्क त्याच दिवशी आला, असं होत नाही.

मोडीवाचक
आकडे जुळवताना दोन ठिकाणी हमखास चूक होते.

पहिली हद्दीची. १८६९ ला मालेगाव, बागलाण, नांदगाव नव्या नाशिक जिल्ह्यात गेले, १९०६ ला पूर्व-पश्चिम खानदेश वेगळे झाले. जिल्ह्याची बेरीज घेतलीत तर वसूल एकदम घसरलेला दिसेल आणि तुम्ही बंड शोधत बसाल. तालुका धरून चाला.

दुसरी सनाची. जुन्या कागदांत फसली किंवा शुहूर सन असतो; इसवी सन काढायला फसलीत ५९० मिळवा, शुहूर सनात ५९९. वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून जानेवारीपासून मृगापर्यंतच्या तारखेला आणखी एक. ‘तिसा अशर मयातैन व अलफ’ (अरबी शब्दांत लिहिलेला आकडा) म्हणजे शुहूर १२१९, फसली १२२८, इसवी १८१८-१९. मालेगाव पडलं ते नेमकं या वर्षपालटाच्या सुमारास. तिथली जून १८१८ ची नोंद कोणत्या सनात टाकलीय ते आधी पाहा, नाहीतर वसूल एक वर्ष आधीच सुरू झालेला दिसेल.